कृपा म्हणजे काय? आणि ती पंगतीत कशी दिसते?

नमस्कार मंडळी!

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, दिल्ली, महाराष्ट्र, गोवा. तुम्ही कुठेही असा, आजचा शब्द तुमच्या कानांवर रोज पडतो. रेल्वे स्टेशनवर 'कृपया' ऐकू येतं. अर्जात 'कृपा करून' लिहावं लागतं. मुलगी पास झाली, पाऊस वेळेवर आला, ऑपरेशन नीट झालं, की आपण म्हणतो, 'देवाची कृपा!' हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय, की त्याचा अर्थ काय, हे विचारायचं आपल्याला सुचतही नाही.

या मालिकेत आपण वेगवेगळ्या धर्मपरंपरांमधला एकेक शब्द घेतो. आज ख्रिस्ती श्रद्धेतली 'कृपा' घेऊ. ख्रिस्ती माणसाला विचारा, 'तुमच्या धर्मातली मध्यवर्ती गोष्ट कोणती?' तो प्रेम म्हणेल, क्षमा म्हणेल, येशूचा क्रूस म्हणेल, पुनरुत्थान म्हणेल. या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे कृपा.

आणखी एक गंमत पाहा. सुरुवातीला मी तुम्हाला 'मंडळी' म्हटलं. मराठी बायबलमध्ये चर्चसाठी हाच शब्द आहे. इमारत हा नंतरचा अर्थ. चर्च म्हणजे आधी जमलेली माणसं. म्हणून आज दोन प्रश्न घेऊ. देवाची कृपा म्हणजे नेमकं काय? आणि ती मिळाली आहे असं म्हणणाऱ्या मंडळीत ती दिसते कशी? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. त्याच्याकडे आपण हळूहळू जाऊ.

शब्दाचं मूळ

बायबलचा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात 'कृपा' या अर्थी जो शब्द येतो तो आहे 'खारिस'. हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. तो ग्रीक आणि रोमन जगात रोजच्या व्यवहारात होता. मोठ्या माणसाने लहान माणसावर केलेली मेहेरबानी म्हणजे खारिस. त्या मेहेरबानीबद्दल लहान माणसाने मानलेले आभार म्हणजेही खारिस. एकाने द्यायचं, दुसऱ्याने उपकार मानायचे, वेळ आली की परतफेड करायची. असं हे चक्र होतं.

त्या काळातले शहाणे लोक सांगत, की मेहेरबानी करताना पात्र माणूस बघावा. लायकी नसलेल्यावर उपकार करणं म्हणजे खडकावर बी पेरणं. आपल्याकडेही 'सत्पात्री दान' म्हणतातच.

संत पौलाने हा शब्द उचलला आणि त्यातली एक गोष्ट बदलली. देव देतो, पण पात्रता पाहून देत नाही. घेणारा कुणाच्या पोटी जन्मला, किती शिकला, किती पुण्य केलं, हे काही मोजलं जात नाही. त्या काळच्या माणसाला हे ऐकताना कसंतरीच वाटलं असेल. कारण पात्रता न पाहता दिलेली देणगी म्हणजे त्याच्या हिशेबात वाया गेलेली देणगी.

याच 'खारिस'पासून 'युखारिस्तिया' हा शब्द आला. त्याचा अर्थ आभार मानणं. कॅथलिक लोक मिस्साबलिदानात जो विधी करतात आणि प्रोटेस्टंट मंडळी ज्याला प्रभुभोजन म्हणतात, त्याचं हे जुनं नाव आहे. गोव्यात, कोकणीत आपला 'कृपा' शब्द 'कुर्पा' होऊन प्रार्थनेत बसला आहे. म्हणजे शब्द फिरत फिरत जेवणाच्या टेबलापर्यंत आला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ग्रेसचे मार्क आणि देवाची ग्रेस

आपल्याला शाळेपासून एक 'ग्रेस' माहीत असते. पासिंग ३५ ला, आणि पोराला मिळाले ३२. मग वरचे तीन गुण बोर्ड देतं. त्याला आपण म्हणतो, ग्रेसचे मार्क.

हे उदाहरण घेऊन कृपा समजावायचा मोह होतो. आपण आपल्या परीने प्रयत्न करायचे, आणि जे थोडं कमी पडेल ते देव भरून काढेल. ऐकायला छान आहे. पण ख्रिस्ती शिकवण ही नाही. ग्रेसचे मार्क काठाशी आलेल्यालाच मिळतात. ज्याला पाच मिळालेत, किंवा जो परीक्षेलाच बसला नाही, त्याला बोर्ड विचारत नाही. येशूच्या गोष्टींमध्ये मात्र देव नेमका त्याच्याकडेच जातो.

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातली गोष्ट घ्या. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो. आपल्याकडे शहरात सकाळी मजूर नाक्यावर उभे असतात, हातात थापी, फावडं, डबा, तसंच दृश्य. दिवसाची मजुरी ठरते, एक दीनार. मालक पुन्हा नऊ वाजता जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो, माणसं आणतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पुन्हा जातो. अजूनही काही जण उभे असतात. 'दिवसभर इथे का उभे?' 'कुणी कामालाच लावलं नाही.' त्यांनाही तो मळ्यात पाठवतो.

संध्याकाळी हिशेब होतो. शेवटी आलेल्यांना आधी बोलावतात आणि त्यांच्या हातावर पूर्ण एक दीनार ठेवतात. पहाटेपासून राबलेल्यांना वाटतं, आपल्याला आता जास्त मिळणार. त्यांनाही एकच दीनार मिळतो. ते चिडतात.

मंडळी, खरं सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात? बहुतेक जण चिडलेल्यांच्या बाजूने असतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्यांची तक्रार नीट ऐका. मालकाने त्यांची मजुरी कापलेली नाही. ठरलं तेवढं दिलं. त्यांची तक्रार आहे, की मालकाने या उशिरा आलेल्यांना आमच्या बरोबरीला बसवलं. त्यांना पैसा कमी पडलेला नाही, बरोबरी सलते आहे.

आणि पाच वाजेपर्यंत नाक्यावर कोण उरतं? म्हातारा, लंगडा, अशक्त, ज्याला कुणी उचलत नाही तो. त्याच्याही घरी रात्रीच्या भाकरीला पीठ तेवढंच लागतं. मालकाने तासांऐवजी पोट मोजलं. कृपा समजायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

केवढं कर्ज?

मत्तयच्याच अठराव्या अध्यायात दुसरी गोष्ट आहे. एका राजाच्या चाकरावर दहा हजार तालांत कर्ज आहे. राजा ते माफ करतो. चाकर बाहेर पडतो आणि त्याला शंभर दीनार देणं लागणारा एक सोबती दिसतो. हा त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

आकडे पाहू, कारण गोष्टीचा जीव आकड्यांत आहे. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार. म्हणजे दहा हजार तालांत झाले ६ कोटी दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता फेडायचं म्हटलं तर १ लाख ६० हजारांहून जास्त वर्षं लागतील. त्या काळात हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन प्रदेशांतून वर्षाला २०० तालांत महसूल मिळत असे, असं इतिहासकार जोसेफस सांगतो. म्हणजे चाकराचं कर्ज त्या दोन प्रदेशांच्या ५० वर्षांच्या महसुलाएवढं! ऐकणारे हसलेच असतील. कुणा चाकरावर एवढं कर्ज असतं का?

आणि सोबत्याचं देणं? शंभर दिवसांची मजुरी. तीही लहान रक्कम नाही, गरिबाला ती जड आहे. येशू असं म्हणत नाही, की लोकांनी तुमचं काही बिघडवलेलंच नाही. बिघडवलं आहे. पण तुम्हाला जे माफ झालं त्याच्याशेजारी ते ठेवून पाहा.

ही गोष्ट चाकराने कर्ज घेतलं म्हणून संपत नाही. माफी मिळूनही त्याच्या हातातून ती पुढे गेली नाही, म्हणून शेवट वाईट होतो. कृपा आपल्यापाशी येऊन थांबली, की तिचं काहीतरी बिनसतं.

माकडाचं पिल्लू की मांजराचं?

आता एक जुना वाद. सगळं देवानेच केलं, तर माणसाने काय करायचं?

आपल्या देशात हा प्रश्न दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी फार सुंदर मांडला आहे. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तेव्हा ती त्याला घेऊन उडी मारते. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. वडकलै परंपरेचा कल मर्कटन्यायाकडे, तेंकलै परंपरेचा मार्जारन्यायाकडे.

ख्रिस्ती जगातही हा वाद शतकानुशतकं चालला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा साधू शिकवत होता, की देवाने माणसाला चांगलं निवडण्याची ताकद दिलीच आहे, आता माणसाने नेटाने वागावं. त्याला भीती होती, की कृपा-कृपा म्हणत लोक आळशी होतील. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन म्हणाला, चांगलं करण्याची इच्छाच मोडलेली असते, ती इच्छासुद्धा देवच जागी करतो. इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली.

पुढे १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पापदंडमाफीची पत्रं विकण्याविरुद्ध आवाज उठवला, आणि कृपा, श्रद्धा व सत्कर्मं यांचं नातं काय, यावर पश्चिमेतलं चर्च दुभंगलं. त्यापायी युद्धं झाली, माणसं मेली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस देवाला स्वीकारार्ह होतो तो स्वतःच्या कुठल्याही पुण्याईमुळे नाही, फक्त कृपेने, आणि हीच कृपा त्याला सत्कर्मांसाठी उभं करते, हे दोघांनी एकत्र मान्य केलं. हे एकत्र म्हणायला जवळजवळ ४८० वर्षं लागली!

मग वाटेल तसं वागलं तरी चालेल?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. फुकट माफी मिळणार असेल, तर सुधारायचं कशाला?

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय भेटतो. यरीहो शहरातला जकातदारांचा मुखिया. रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा, लोकांच्या खिशात हात घालून श्रीमंत झालेला. लोक त्याच्याकडे थुंकूनही बघत नव्हते. तो बुटका होता, म्हणून येशूला बघायला झाडावर चढला. येशू खाली थांबला आणि म्हणाला, खाली उतर, आज मी तुझ्या घरी उतरणार आहे.

इथे क्रम बघा. 'आधी लुबाडलेले पैसे परत कर, मग तुझ्या घरी येतो,' असं येशू म्हणत नाही. आधी घरी जातो. मग जक्कय आपणहून उठतो आणि सांगतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. कृपा आधी, बदल नंतर. पण बदल येतो, आणि तो खिशापर्यंत येतो. चौपट परतफेड ही काही भावनेच्या भरातली गोष्ट नाही, तिचा हिशेब लोक दुसऱ्या दिवशी मागणार होते.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर याने १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात 'स्वस्त कृपा' हा शब्द वापरला. पश्चात्ताप नको, शिस्त नको, क्रूस नको, फक्त माफी हवी, ती स्वस्त कृपा. त्याच्या डोळ्यांसमोर नाझी राजवट होती, आणि तिच्यापुढे मान तुकवणारी चर्चही होती. रविवारी सगळ्यांना क्षमा जाहीर व्हायची आणि सोमवारी ज्यू शेजाऱ्याला उचलून नेलं तरी कुणी बोलायचं नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी बोनहोफरला फाशी देण्यात आली. कृपा फुकट असते, पण ती स्वस्त नसते, हे त्याने जगून दाखवलं.

पंडिता रमाबाई आणि 'कृपा सदन'

आता आपल्या भाषेतल्या, आपल्या मातीतल्या एका बाईंकडे येऊ. पंडिता रमाबाई आपल्याला स्त्रीशिक्षण आणि विधवांच्या प्रश्नासाठी माहीत आहेत. पण कृपा या विषयाच्या त्या थोर विद्यार्थिनी होत्या, हे कमी बोललं जातं.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान ब्राह्मण. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. व्रतं झाली, उपवास झाले, दानधर्म झाला. पुढे अन्नान्न दशा आली, आणि वडील, आई, बहीण एकामागोमाग एक गेले. आपण सांगितलं ते सगळं केलं, आणि तरी हात रिकामे, हा अनुभव या मुलीने फार लहान वयात घेतला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज इथल्या धर्मभगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींचं लंडनमध्ये फुलम भागात एक घर होतं. समाज ज्यांना 'पतित' म्हणायचा अशा स्त्रियांसाठीचं. तिथे त्या बायकांना मायेने वागवलं जात होतं, हे पाहून रमाबाई चकित झाल्या. असं का करता, हे त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. योहानाच्या चौथ्या अध्यायातली. भर दुपारी विहिरीवर एकटी येणारी बाई, पाच नवरे झालेली, शिवाय परक्या जमातीची. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. कुणाच्या हातचं पाणी प्यावं याचे नियम ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होते, त्या रमाबाईंना या एका मागण्याचं वजन नक्कीच कळलं असणार.

त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या आसपास, त्यांना उमगलं, की देवाची क्षमा त्यांना आत्ता, आहे त्या अवस्थेत, देऊ केलेली आहे. इतकी बुद्धिमान बाई, तिलासुद्धा 'मला हे कमवायचं नाही' हे पटायला आठ वर्षं लागली. हुशार आणि कष्टाळू माणसांना कृपा सगळ्यात अवघड जाते. त्यांना नाक्यावर पहाटेपासून उभं राहायची सवय असते.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. वेगवेगळ्या जातींतल्या मुली एकत्र राहू लागल्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवू लागल्या. याच मुक्तीमध्ये, फुलमला पाहिलेल्या घरासारखं, 'पतित' म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक घर बांधलं. त्या घराला रमाबाईंनी नाव दिलं, 'कृपा सदन'.

विचार करा. 'पतिता सदन' किंवा 'सुधारगृह' असं नाव देता आलं असतं. मग दारावरची पाटी त्या बाईचा भूतकाळ सांगत राहिली असती. 'कृपा सदन' हे नाव तिच्याबद्दल काही बोलत नाही, ते देणाऱ्याबद्दल बोलतं. समाजात वावरताना माणसाला कुठल्या नावाने हाक मारली जाते, इथपासून कृपेचं काम सुरू होतं.

पंगतीत काय घडलं?

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे. पहिल्या शतकातल्या मंडळ्यांमध्ये सगळ्यात मोठी भांडणं कशावरून झाली, माहीत आहे? जेवणावरून.

पहिलं भांडण अंत्युखिया शहरातलं. तिथे यहुदी आणि बिगरयहुदी विश्वासणारे एकत्र जेवत होते. पेत्रही जेवत होता. मग यरुशलेमहून काही यहुदी मंडळी आली. पेत्राला संकोच वाटला आणि तो हळूच त्या पंगतीतून उठला. त्याचं बघून बाकीचेही उठले. पौलाने सगळ्यांसमोर त्याला जाब विचारला. पेत्र म्हणजे येशूचा थोरला शिष्य! पण पौलाच्या मते हा शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. पंगतीतून उठणं म्हणजे शेजारच्या माणसाला सांगणं, की देवाची कृपा तुला पुरेशी नाही, तुला आणखी काहीतरी व्हावं लागेल, मग मी तुझ्याबरोबर बसेन. गंमत म्हणजे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल कृपेचा सिद्धान्त मांडतो, तो हा प्रसंग सांगूनच.

दुसरं भांडण करिंथ शहरातलं. तिथे प्रभुभोजनाला जमताना काही जण आधीच खाऊन-पिऊन तृप्त व्हायचे आणि काही उपाशी राहायचे. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौल खडसावतो. तुम्ही जेवताय ते प्रभूचं भोजनच नव्हे, इथवर तो जातो. विधी बरोबर, प्रार्थना बरोबर, भाकर आणि द्राक्षारस बरोबर. पण पंगत चुकली, म्हणून सगळं चुकलं.

आणि तिसरी गोष्ट भांडणाची नाही. यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौल ठिकठिकाणी वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या, तरी त्यांनी दिलं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल या वर्गणीला काय म्हणतो? 'खारिस'. कृपेसाठी वापरायचा तोच शब्द! देवाकडून येते तीही खारिस, आणि आपल्या हातून गरिबाकडे जाते तीही खारिस. त्याच्या मनात या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

आणि आपल्या देशात?

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं.

कृपेत जात बसत नाही. लायकी, जन्म, शुद्धता यांवर कृपा मिळत नसेल, तर जन्मावरून उच्च-नीच ठरवायला जागाच उरत नाही. आणि तरीही भारतातल्या चर्चमध्ये जात आली, टिकली. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतल्या काही मंडळ्यांत सवर्ण आणि दलित ख्रिस्ती वेगळे बसत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून सांगितलं, की चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद झाला पाहिजे. अनेकांनी चर्च सोडलं, पण भेद सोडला नाही. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत जातीची भिंत उभी राहिली, मेल्यावरही शेजारी झोपायला नको म्हणून. २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चमध्येही अस्पृश्यता आहे, हे उघडपणे मान्य केलं.

हा प्रश्न एकट्या ख्रिस्ती लोकांचा नाही. वारकरी परंपरा देवाच्या कृपेबद्दल भरभरून बोलते, आणि चोखोबांची समाधी मात्र पंढरपूरला मंदिराच्या बाहेर, नामदेव पायरीपाशी आहे. देव आत-बाहेर मानत नव्हता, पुजारी मानत होते. नारायण वामन टिळकांसारखा मराठी ख्रिस्ती कवी तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचा, ते यामुळेच समजतं. कृपा मराठी मनाला परकी नव्हती. अडचण दोन्हीकडे सारखीच होती: जे देवाच्या दारात मान्य, ते माणसांच्या पंगतीत अमान्य.

कृपेचा सौदा

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

एक, कृपेची विक्री. 'एवढी रक्कम पाठवा, देव दसपट देईल', 'ही प्रार्थना करून घ्या, व्हिसा नक्की मिळेल', असं सांगणारे आजही आहेत. ल्यूथरच्या काळातली माफीपत्रं आणि हे, दोन्हींत फरक फक्त पैसे पाठवायच्या पद्धतीचा. जे विकत मिळतं ते काहीही असेल, कृपा असणार नाही.

दोन, आमिष. ख्रिस्ती सेवाकार्यावर आपल्या देशात हा आरोप नेहमी होतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. १८९३ मध्ये खुद्द रमाबाईंच्या शारदा सदनावर पुण्यात तो झाला. रमाबाईंचं म्हणणं होतं, की मी कुणावर सक्ती केली नाही, माझ्या प्रार्थनेच्या खोलीचं दार फक्त उघडं असतं. विरोधकांचं म्हणणं होतं, की आश्रयाला आलेल्या मुलींवर त्याचा परिणाम होणारच. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाचा निकाल आज इथे लावायचा नाही. पण कृपेची व्याख्या आपल्याला एक कसोटी देते. भाकरीला धर्माची अट लावली, तर ती कृपा राहत नाही, मजुरी होते. ज्याला खरोखर फुकट मिळालं आहे, त्याने फुकटच द्यायला हवं. घेणारा नंतर देवळात जावो, चर्चमध्ये जावो, की कुठेच न जावो.

मग काय पाहायचं?

तुम्ही ख्रिस्ती असाल, तर येत्या रविवारी आपल्या मंडळीत किंवा धर्मग्रामात तीन साध्या गोष्टी पाहा. उपासना संपल्यावर कोण कुणाशी बोलतं, आणि कोण एकटं घरी जातं? लग्नकार्यात, वर्षसणाच्या जेवणात कोण कुणाच्या शेजारी बसतं, आणि रोटीव्यवहार झाला तरी बेटीव्यवहार कुठे अडतो? ज्याच्या हातून चूक झाली, घटस्फोट झाला, दारू लागली, तुरुंगवास झाला, त्याला परत येताना खुर्ची मिळते की कुजबूज?

तुम्ही ख्रिस्ती नसाल, तरी हे प्रश्न तुमच्या मंडळात, सोसायटीत, नातेवाइकांत विचारता येतात. नाक्यावर पाच वाजेपर्यंत उभा राहिलेला माणूस सगळीकडे असतो.

आणि हे करताना दमलात, मन खट्टू झालं, स्वतःचाच हात आखडता वाटला, तर रमाबाईंची आठ वर्षं आठवा. कृपा कळायला वेळ लागतो. ती कळली की नाही, हे आपल्या शेजारी बसणाऱ्याला आपल्याआधी समजतं.

पुढच्या भागात आपण 'क्षमा' हा शब्द घेणार आहोत. शंभर दीनारवाल्या सोबत्याचं पुढे काय व्हायला हवं होतं, त्याबद्दल तेव्हा बोलू. तोवर, नमस्कार मंडळी!